सातेरीने पेटी सोडली, तेव्हा ठरवले कोणी?

प्रश्न जावळी खोऱ्यातल्या एका तरुण मधपाळाचा आहे. त्याच्याकडे सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या आपल्या देशी मधमाशीच्या, दोन पेट्या होत्या. पहिलीतल्या निम्म्या माश्या एप्रिलमध्ये भर दुपारी उठल्या, समोरच्या फणसाच्या फांदीला लटकल्या आणि दोन दिवसांनी कुठेतरी निघून गेल्या. निम्म्या पेटीतच राहिल्या. दुसरी पेटी त्याने सप्टेंबरच्या शेवटी उघडली, तर आत माशी नाही, मध नाही, अंडी-अळ्या नाहीत, नुसती कोरडी पोळी. गावातले जाणते म्हणाले, राणी रुसली. त्याला विचारायचे आहे की हे राणीच ठरवते का, शास्त्रज्ञांनी याबद्दल काय शोधले आहे, आणि पुढच्या वेळी आधी कळू शकेल का.

मी अठ्ठावीस वर्षे सातेरी पाळतो. त्यातली बरीच वर्षे एक वसाहत काचेच्या पेटीत ठेवून रोज थोडा वेळ तिच्यासमोर बसत आलो आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

दोन्ही वेळा राणीने काहीही ठरवलेले नाही. या दोन घटनाही एकमेकींपासून अगदी निराळ्या आहेत. एप्रिलमध्ये झाले ते वसाहतीचे फुटणे: भरभराटीच्या दिवसांत एका घराची दोन घरे होणे. सप्टेंबरमध्ये झाला तो गृहत्याग: सगळे बिऱ्हाड उचलून जीव वाचवायला निघणे. पहिल्या पेटीचे अभिनंदन करायला हवे. दुसरीच्या बाबतीत माझ्या मते चूक आपली, माणसाची आहे, आणि ती मे महिन्यातच झालेली होती. ते पुढे सांगतो.

आधी राणीबद्दल. या शब्दामुळे आपण फसतो. युरोपात तर शतकानुशतके तिला राजा समजत असत. सतराव्या शतकात यान स्वामरडॅम या डच शास्त्रज्ञाने तिचे पोट उघडून अंडाशय दाखवले आणि ती मादी असल्याची खात्री झाली, पण राज्य करणारी कुणीतरी आत बसली आहे ही समजूत गेली नाही. प्रत्यक्षात ती काय करते ते पाहा. पोळ्याच्या कोणत्या घरात कामकरीचे अंडे घालायचे आणि कोणत्या घरात नराचे, हे ती पुढच्या पायांनी घराचे माप घेऊन ठरवते, आणि ती घरे लहान बांधायची की मोठी हे कामकरी माश्यांनी आधीच ठरवलेले असते. तिला अन्नही स्वतःहून मिळत नाही. भोवतीच्या दाया, म्हणजे भरवण्याचे काम करणाऱ्या कामकरी, भरवतील तेवढे ती खाते, आणि खाईल त्या मानाने अंडी घालते. म्हणजे अंड्यांची संख्यासुद्धा त्या भरवणाऱ्यांच्या हातात असते.

तिचे महत्त्व तिच्या गंधात आहे. १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉलिन बटलर यांनी दाखवले की राणीच्या अंगावरचा एक रासायनिक पदार्थ कामकरी चाटून घेतात आणि तोंडातोंडी, अंगाला अंग लावून, वसाहतभर पसरवतात. तो मिळत आहे तोवर राणी आहे हे प्रत्येकीला कळते. राणी काढून घेतली की काही तासांत पेटीतला आवाज बदलतो. हा आवाज एकदा ओळखता आला की पेटी न उघडता राणी हरवल्याचा अंदाज बांधता येतो. सातेरीत तर राणीविना फार दिवस काढले, तर कामकरीच अंडी घालू लागतात, आणि मेलीफेरा या मूळच्या युरोप-आफ्रिकेतल्या मधमाशीपेक्षा हे लवकर घडते. तेव्हा हा गंध म्हणजे ‘मी इथे आहे’ एवढीच खूण. त्यात हुकूम नसतो.

आता एप्रिलकडे येऊ. आपल्या भागात जांभूळ फुलले की पेटीत मकरंदाचा ओघ सुरू होतो, पिलावा, म्हणजे घरांत वाढणारी अंडी-अळ्या-कोष, वाढतो, चौकटी खचाखच भरतात. गर्दी वाढली की राणीचा गंध सगळीकडे पुरेसा पोहोचत नाही. पोळ्याच्या खालच्या कडेला तर ती फिरकतच नाही, आणि नेमक्या तिथेच कामकरी राणीघरांच्या, म्हणजे नवी राणी वाढवायच्या घरांच्या, वाट्या बांधतात. त्याआधी नरांची घरे दिसू लागतात. सातेरीच्या बंद नरघराच्या झाकणाला मधोमध बारीक भोक असते, टाचणीने पाडल्यासारखे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही भोकाची झाकणे मोठ्या संख्येने दिसली की पेटी फुटण्याचा हंगाम आला असे मी धरतो.

राणीघरात अळी वाढत असताना जुन्या राणीचे काय होते, हे काचेतून पाहिल्यापासून माझी ‘राणी ठरवते’ ही समजूत कायमची गेली. कामकरी तिला भरवणे कमी करतात. तिला धरून हलवतात, ढकलतात, एका जागी बसू देत नाहीत. तिचे अंडी घालणे घटते, पोट लहान होते, आणि महिनोन्‌महिने न उडालेली ती माशी पुन्हा उडण्याजोगी हलकी होते. राणीघर बंद झाल्यावर एखाद्या उघडीपीच्या दुपारी सगळा थवा दारातून ओतल्यासारखा बाहेर पडतो, आणि तिलाही त्या लोंढ्यात बाहेर जावे लागते. ती मागे राहिली तर थवा थोड्या वेळाने परत येतो, कारण तिच्यावाचून नवे घर वसवता येत नाही. तेव्हा तिची गरज पुरेपूर आहे. पण कधी निघायचे हे तिला कुणी विचारत नाही.

फणसाच्या फांदीवर दोन दिवस जे चालले होते, ते मधमाशीविज्ञानातले सर्वांत सुंदर प्रकरण आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा हे ओळखले मार्टिन लिंडाउअर यांनी, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या म्युनिकमध्ये. मधमाशीचे नृत्य उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश त्यांचे गुरू. माशी पोळ्यावर ज्या दिशेने डुलत सरळ धावते, त्या दिशेचा उभ्या रेषेशी होणारा कोन म्हणजे सूर्याच्या दिशेशी फुलांचा कोन, आणि त्या धावण्याला लागलेला वेळ म्हणजे अंतर, हे फॉन फ्रिश यांनी दाखवले होते. त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. लिंडाउअरना एका लटकलेल्या थव्यावर नाचणाऱ्या माश्या दिसल्या, पण त्यांच्या पायांवर पराग नव्हता आणि अंग मळलेले होते. कुणी काजळीने काळी, कुणी विटांच्या भुकटीने लाल. बॉम्बहल्ल्यांनी पडलेल्या त्या शहरात त्या धुराड्यांत आणि पडक्या भिंतींत शिरून आल्या होत्या. त्या फुलांची जागा सांगतच नव्हत्या. घराची जागा सांगत होत्या. लिंडाउअर यांनी नाचांवरून पत्ते काढले, आणि ज्या पत्त्यावर शेवटी सगळ्यांचे एकमत झाले तिथेच थवा गेला.

पुढचे काम अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या टॉमस सीली यांचे. अॅपलडोर नावाच्या जवळजवळ वृक्षहीन बेटावर त्यांनी स्वतः बनवलेल्या पेट्या ठेवल्या, म्हणजे माश्यांना निवडायला जागा कोणत्या आहेत हे पक्के माहीत राहील. दहा हजार माश्यांच्या थव्यात घर शोधायला जाणाऱ्या टेहळ्या जेमतेम काहीशे असतात. बाकीच्या फांदीवर शांत बसून ऊर्जा वाचवतात. टेहळी पोकळीत शिरून आतून चालत, छोट्या उड्या घेत तिचा अंदाज घेते. मेलीफेराला साधारण ४० लिटरची, लहान आणि उंचावरच्या दाराची पोकळी आवडते. सातेरीला त्याहून पुष्कळ लहान चालते, म्हणून ती भिंतीच्या कोनाड्यात, मडक्यातसुद्धा राहते. परत आल्यावर टेहळी नाचते, आणि जागा जितकी चांगली तितक्या जास्त फेऱ्या नाचते. दर खेपेला तिच्या नाचाच्या फेऱ्या कमी होत जातात आणि शेवटी थांबतात. त्यामुळे सामान्य जागेचा प्रचार लवकर विझतो. उत्तम जागेचा प्रचार टिकतो आणि नव्या टेहळ्या तिकडे वळतात. कुणीही सगळ्या जागा पाहून तुलना करत नाही. प्रत्येकीने बहुधा एकच जागा पाहिलेली असते.

२०१२ मध्ये सीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. एका जागेच्या टेहळ्या दुसऱ्या जागेसाठी नाचणारीला डोक्याने टक्कर देत बारीक ‘बीप’ करतात आणि तिचा नाच थांबवतात. दोन जागा सारख्याच चांगल्या असल्या, तर या रोखण्यामुळे कोंडी फुटते. आणि निर्णय पक्का कुठे होतो? फांदीवर नाही, नव्या घराच्या दारात. तिथे एकाच वेळी वीस-तीस टेहळ्या जमल्या की त्या परत येऊन नाचण्याऐवजी थव्यात फिरत तीक्ष्ण शिटीसारखा आवाज काढतात. तो ऐकून शांत बसलेल्या माश्या उडण्याचे स्नायू ३५ अंशांपर्यंत तापवतात. मग सगळा थवा एकदम सुटतो. वाट माहीत असलेल्या थोड्या माश्या थव्याच्या वरच्या भागातून त्या दिशेने बाणासारख्या झेपावत बाकीच्यांना नेतात.

तुमचा थवा दोन दिवस लटकला याचा अर्थ चर्चा दोन दिवस चालली. पुढच्या वेळी त्याच्या पृष्ठभागावर नजर ठेवा. पहिल्या दिवशी नाच वेगवेगळ्या दिशांना दिसतील. ते सगळे एकाच दिशेला दिसू लागले की तुमच्या हातात थोडाच वेळ उरला आहे. थवा रिकाम्या पेटीत घ्यायचा असेल तर तो त्याआधी घ्या.

आता दुसरी पेटी. माझे मन खरे तर हिच्यात अडकले आहे, कारण दरवर्षी पावसाळ्यात अशा किती पेट्या रिकाम्या होतात आणि दोष राणीला दिला जातो.

पेटीत अन्न किती येत आहे हे कुणी मोजत नाही, तरी सगळ्यांना कळते. फुलांवरून आलेली माशी मकरंद स्वतः साठवत नाही, आतल्या माशीच्या तोंडात देते. ती आतली माशी चटकन, वीसएक सेकंदांत मिळाली, तर बाहेरून आलेली उत्साहाने नाचते. पन्नास सेकंदांहून जास्त शोधावे लागले, तर ती निराळा थरथरता नाच करते आणि घरातल्या आणखी माश्या मकरंद घ्यायला पुढे येतात. हेही सीली यांचेच मोजमाप आहे. मला यातला साधेपणा फार भावतो: घरात शिरल्यावर किती वेळ थांबावे लागले, एवढ्यावरून सगळ्या वसाहतीची स्थिती कळते.

पराग तुटला की खबर दायांमार्फत पसरते. आपल्याकडे जुलैत आठ-आठ दिवस माशी बाहेर पडू शकत नाही. ऑस्ट्रियात ग्राझ विद्यापीठात मेलीफेरावर केलेल्या प्रयोगांत दिसले की परागाची टंचाई झाल्यावर दाया सर्वांत लहान अळ्या खाऊन टाकतात आणि ते प्रथिन मोठ्या अळ्यांना भरवतात. मोठ्या अळ्यांची घरेही नेहमीपेक्षा लवकर बंद करतात. वाचताना क्रूर वाटेल. पण जिच्यावर कमी खर्च झाला आहे ती अळी सोडून देऊन जिच्यावर जास्त झाला आहे ती वाचवणे, असा तो हिशेब आहे. पावसाच्या झडीनंतर पेटी उघडली आणि बंद पिलावा आहे पण लहान अळ्याच नाहीत असे दिसले, तर राणी निकामी झाली असे समजून तिला मारू नका. मी सुरुवातीच्या वर्षांत दोन चांगल्या राण्या अशा मारल्या आहेत.

टंचाई टिकली की सातेरीचा स्वभाव मेलीफेरापासून वेगळा होतो. मेलीफेराच्या युरोपीय जाती घरात मध कोंडून हिवाळा काढायला घडल्या आहेत. आपली सातेरी अशा देशात घडली, जिथे इथे काही नसले तरी डोंगराच्या पलीकडे काहीतरी फुललेले असते. त्यामुळे तिच्यासाठी निघून जाणे हा सरळ उपाय आहे. आफ्रिकेतल्या मधमाश्याही असेच करतात. बोत्स्वानातल्या ओकावांगो भागात केलेल्या अभ्यासात दिसले की निघण्याच्या बरेच दिवस आधीपासून वसाहतीत काही माश्या फार लांबच्या अंतराचे नाच करू लागतात. ते पाहून कुणी अन्न आणायला जात नाही, अंतरेही एकसारखी नसतात, पण दिशा हळूहळू जुळत जाते. जणू एखाद्या ठिकाणाऐवजी नुसती वाटच सांगितली जात असते. तोवर नवा पिलावा धरणे बंद होते, बंद पिलाव्यातून माश्या बाहेर पडेपर्यंत वसाहत थांबते, आणि उरलेला मध पोटात भरून सगळ्या जातात.

आता तुमची पेटी आठवा. मध नाही, पिलावा नाही, मेलेल्या माश्यांचा खच नाही. म्हणजे ती रातोरात पळाली नाही. दोन-तीन आठवडे तयारी करून, शेवटचे पिल्लू बाहेर काढून, घर आवरून गेली. मुंग्या, मेणकिडा, सततचा धूर, किंवा पेटी वारंवार उघडणे यांनी घाबरून जी वसाहत जाते, ती पिलावा आणि मध टाकून जाते. मागे काय राहिले त्यावरून कारण ओळखता येते. तुम्ही लिहिले आहे की मे महिन्यात मधकोठीतला, म्हणजे पेटीच्या वरच्या मध साठवायच्या कप्प्यातला, सगळा मध काढला आणि खालच्या चौकटींवरचा मधाचा पट्टाही कापून घेतला. तो पट्टा त्यांचा पावसाळा होता.

एक शंका मात्र तपासून घ्या. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या बहुतेक सातेरी वसाहती संपवल्या, आणि तो अधूनमधून अजूनही डोके काढतो. त्यात अळी घरात ताठ, पाठीवर पडून मरते. चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी सबंध बाहेर येते. अशा पेटीतूनही माश्या निघून जातात. तुमच्या पोळ्यात अशा वाळलेल्या, टोक वर आलेल्या होडीसारख्या खपल्या सापडल्या, तर ते पोळे जाळून टाका आणि त्यातली एकही चौकट पहिल्या पेटीत घालू नका.

राणीला अडवणारी जाळी दाराला लावावी का, असेही तुम्ही विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: नवा पकडलेला थवा पेटीत रुळेपर्यंत चार-पाच दिवस लावा, एरवी नको. एका जुलैत मी भुकेल्या वसाहतीला जाळी लावून ठेवली. माश्या रोज दुपारी उठायच्या, राणी येत नाही म्हणून परत यायच्या, आणि प्रत्येक खेपेला आणखी थकायच्या. पंधरा दिवसांत मूठभर उरल्या. जाळीने त्यांचे जाणे थांबले, भूक तशीच राहिली. शिवाय त्या जाळीतून नरही बाहेर पडू शकत नाहीत.

त्याऐवजी जूनच्या मध्यापासून दर आठ-दहा दिवसांनी, उघडीप मिळेल तेव्हा, फक्त एक मधली चौकट उचलून बघा. राणीला शोधत बसू नका. अंडी, लहान अळी आणि बंद पिलावा या तिन्ही अवस्था आहेत का एवढेच पाहा. अंडी दिसतात पण अळ्या नाहीत, तर पराग तुटला आहे. अंडीही नाहीत आणि बंद पिलावा विरळ होत चालला, तर तयारी सुरू झाली आहे आणि साधारण दोन आठवडे हातात आहेत. त्याच संध्याकाळी साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक, वाटीभर, पेटीच्या आत ठेवा. बाहेर थेंबही सांडू देऊ नका, नाहीतर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतील. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा द्या. माश्यांनी न झाकलेली पोळी काढून घ्या, कारण मेणकिडा आधी तिथेच शिरतो. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. चार-पाच दिवसांत घरांच्या तळाशी नवी अंडी उभी दिसली, तर वसाहतीने विचार बदलला असे समजा. मी हे दर पावसाळ्यात पाहतो आणि दर वेळी तेवढाच आनंद होतो.

एक शेवटची गोष्ट, पेटी कुठे ठेवायची याबद्दल. दक्षिण भारतात २०२० च्या सुमारास पॅट्रिक कोल, अॅक्सेल ब्रॉकमन आणि सहकाऱ्यांनी सातेरी, फुलोरी आणि आग्या या तीन जातींच्या मधमाश्यांच्या नाचांची तुलना केली. जी माशी लांब जाते तिच्या नाचातल्या धावण्याचा वेळ अंतराबरोबर सावकाश वाढतो, जी जवळच फिरते तिच्यात झपाट्याने. आग्या माशी अन्नासाठी दूरवर जाते, सातेरी मात्र बहुतेक वेळा किलोमीटरभराच्या आतच फिरते. तुमच्या पेटीभोवतीचे एक किलोमीटर पायी फिरा आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काय फुलते त्याची वही करा. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, तिच्या भरवशावर राहता येत नाही. बांधावरचा तेरडा, सोनकी, परसातली काकडी-दोडका, जे असेल ते लिहा. त्या वर्तुळात सप्टेंबर रिकामा असेल, तर पुढच्या श्रावणात पेटी रात्रीच्या वेळी दार बंद करून खालच्या वाडीकडे, भाजीच्या मळ्यांजवळ हलवा. वाडी जुन्या जागेपासून दोन-तीन किलोमीटरपेक्षा लांब हवी, म्हणजे माश्या जुन्या ठिकाणी परतणार नाहीत.

पहिल्या पेटीत आता नवी राणी आहे आणि ती सहा महिन्यांची आहे. तिच्या वरच्या पट्ट्यातला मध या दिवाळीत काढू नका.